सात वर्षांच्या पीसीत नवा प्रोसेसर: भाऊबीजेच्या मुक्कामातलं एक प्रकरण

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस साताऱ्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, सीएस २ मध्ये कोपऱ्यावरून वळलं की चित्र क्षणभर अडकतं, आणि तेवढ्यात मी मेलेला असतो. ग्राफिक्स कार्ड बदलायला लागणार. आरटीएक्स ३०६० बघून ठेवलंय." सीएस २ म्हणजे काउंटर-स्ट्राइक २, नेमबाजीचा ऑनलाइन गेम. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपच्या पैशांतून त्याने १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर घेतला होता, त्यामुळे हे अडकणं आता जास्तच डोळ्यांत भरत होतं. मी म्हटलं, पैसे खिशात ठेव. भाऊबीजेला येतोच आहे, आधी मशीन बघू दे.

मशीन मला नवं नव्हतं. मे २०१८ मध्ये तो आठवीत जाणार होता तेव्हा मीच ते ठाण्यात जुळवून एसटीने नेलं होतं. त्या वर्षी क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी, म्हणजे कार्डांवर हिशोब चालवून आभासी चलन कमावणाऱ्यांनी, ग्राफिक्स कार्डांचा बाजार इतका तापवला होता की साध्या कार्डाला हात लावायची सोय नव्हती. त्याच फेब्रुवारीत एएमडी कंपनीने रायझन ३ २२००जी हा प्रोसेसर आणला होता: अमेरिकेत किंमत ९९ डॉलर, चार कोर (काम करणारे चार हात), चार थ्रेड आणि पोटातच व्हेगा ८ ग्राफिक्स. वेगळं कार्ड न घेता गेम चालवणारी चिप, तीही एवढ्या पैशांत. तिच्या जोडीला ए३२० चिपसेटचा, म्हणजे एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या) बोर्डांतला सगळ्यांत स्वस्त, मदरबोर्ड घेतला आणि २४०० मेगाहर्ट्झची ८ जीबी रॅमची एकच स्टिक. "दुसरी पुढच्या महिन्यात टाकू," असं मी ताईला म्हटल्याचं मला पक्कं आठवतं. तो पुढचा महिना सात वर्षं उजाडला नाही. पैसे वाचवले नाहीत ते फक्त पॉवर सप्लायवर. ४५० वॅटचा, ब्राँझ रेटिंगचा (वीज कमी वाया घालवणारा) घेतला होता. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या, वर नुसतं "४५०" छापलेल्या डब्यावर हे मशीन सात वर्षं टिकलं असतं असं मला वाटत नाही.

नंतर गंगा उलटी वाहिली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची पद्धतच सोडून दिली आणि मायनिंगला जुंपलेली कार्डं जुन्या बाजारात ढिगाने आली. २०२३ च्या सुरुवातीला लॅमिंग्टन रोडवरून आम्ही एक वापरलेलं जीटीएक्स १६६० सुपर उचललं. ६ जीबीचं, धडधाकट कार्ड. महागाईमुळे निवडलेला प्रोसेसर आणि स्वस्ताईमुळे मिळालेलं कार्ड अशी जोडी एका डब्यात बसली. सीएसगो चालू होता तोवर ती खपूनही गेली. मग २७ सप्टेंबर २०२३ ला त्या जागी सीएस २ आला. नवं इंजिन प्रोसेसरवर बरंच जास्त ओझं टाकतं. भाचा म्हणत होता पीसी म्हातारा झाला. पीसी होता तसाच होता, काम वाढलं होतं.

दोष कुणाचा ते आधी

साताऱ्याला पोचलो त्या संध्याकाळी फराळाचं ताट बाजूला ठेवून आम्ही आधी कॅबिनेट उघडलं. पंख्यावर धुळीची लोकर होती आणि प्रोसेसर आणि कूलरमधल्या थर्मल पेस्टचा खडू झाला होता. साफसफाई करून नवी पेस्ट लावल्यावर गेममधलं तापमान ८९ अंशांवरून ७१ वर आलं. भाच्याचा चेहरा उजळला. सेकंदाला येणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं, मात्र जेवढ्यास तेवढ्या! चांगलं झालं, एक संशयित कमी झाला.

मग आफ्टरबर्नर या प्रोग्रामचा, चालू आकडे दाखवणारा ओव्हरले पडद्यावर लावला आणि डस्ट २ नकाशावरची तयार बेंचमार्क फेरी तीनदा चालवली. सरासरी ८३ एफपीएस, म्हणजे सेकंदाला ८३ फ्रेम. हा आकडा ऐकून कुणी म्हणेल, बरं चाललंय की. पण सरासरी इथे फसवते. सगळ्यांत हळू एक टक्का फ्रेमचा हिशोब, ज्याला सगळे "वन पर्सेंट लो" म्हणतात, ३१ निघाला. म्हणजे बाकी वेळ १२ मिलिसेकंदांत येणारी फ्रेम मधूनच ३२ मिलिसेकंद घेत होती. धूर, ग्रेनेड, एकाच वेळी चार खेळाडू: जिथे जिवावर बेततं नेमकं तिथेच. कोपऱ्यावरचं अडकणं ते हेच. त्या क्षणी चारही कोर १०० टक्क्यांवर होते आणि ग्राफिक्स कार्ड ५५ टक्क्यांच्या आसपास बसून होतं.

तरीही भाच्याचा कार्डावरचा राग जाईना. त्याला मी एकच प्रयोग करायला लावला. रेझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आण. पडद्यावरचे पिक्सेल निम्म्याहून कमी झाले, म्हणजे कार्डाचं काम तेवढंच घटलं. दोष कार्डाचा असता तर फ्रेम उसळायला हव्या होत्या. सरासरी आली ८५. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे ३०६० घेतलं असतं तरी…" हो. ते कार्डही तसंच ताटकळत बसलं असतं.

कुणी मला अपग्रेडचं विचारलं की मी हा प्रयोग आधी करायला सांगतो. फुकट आहे, पाच मिनिटांचा आहे, आणि तरीही लोक तो न करता दुकानात जातात.

काय घ्यायचं

एक घाई आणखी होती. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला होता. वर्षभराची वाढीव सुरक्षा मिळण्याची सोय होती, पण विंडोज ११ च्या अधिकृत यादीत २२००जी बसत नाही. म्हणजे प्रोसेसर नुसता गेमसाठी बदलायचा नव्हता. भाच्याचं इंजिनीअरिंगचं शेवटचं दीड वर्ष याच मशीनवर जायचं होतं.

नवा एएम५ बोर्ड, डीडीआर५ रॅम आणि प्रोसेसर असा संसार मांडायला तीस हजारांच्या पुढे जात होतं. एएम४ वरच राहिलो तर जुनाच सॉकेट, जुनाच बोर्ड. या सॉकेटचं हेच मोठेपण. २०१७ च्या मार्चमध्ये पहिले रायझन ज्यात बसले त्याच भोकांत २०२२ चे ५००० मालिकेतले प्रोसेसर बसतात. अर्थात ए३२० वाल्यांना हे सुख सहज मिळालेलं नाही. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केलं होतं की झेन ३ (५००० मालिकेतल्या बहुतेक चिपांची रचना) फक्त ५०० मालिकेच्या बोर्डांवर चालेल. ओरडा झाला तेव्हा काही दिवसांतच ४०० मालिकेला आत घेतलं. आमच्यासारख्या ३०० मालिकेच्या गरिबांना २०२२ उजाडावं लागलं. तेव्हापासून बोर्डवाल्यांनी त्यासाठीचे बायोस, म्हणजे बोर्डाला जागं करणारं सॉफ्टवेअर, काढले. आमच्या बोर्डाच्या पानावर सपोर्ट यादी उघडून पाहिली आणि ज्यावर डोळा होता त्या रायझन ५ ५६०० चं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. दुकानदाराच्या "बसतो ना साहेब, सगळ्यांना बसतो" यावर हा व्यवहार करायचा नसतो.

जुन्या बाजारात रायझन ५ २६०० आणि ३६०० मिळत होते. ३६०० वर माझं मन थोडं रेंगाळलं, कारण त्यालाही ३२ एमबी एल३ कॅशे आहे. पण ती १६-१६ अशा दोन वाट्यांत विभागलेली. ५६०० मध्ये सहाही कोरना मिळून ३२ एमबीचं एकच कोठार आहे आणि गेमला फरक पडतो तो इथे. कॅशे म्हणजे ओट्यावरची मीठ-मिरचीची बरणी आणि रॅम म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. फोडणी टाकल्यावर दर वेळी दुकानात पळायचं असेल तर स्वयंपाकीण कितीही चपळ असो, फोडणी करपणारच. २२००जीच्या ओट्यावर ४ एमबीची एवढीशी बरणी होती. याच कारणाने ५५०० ही बाद झाला. नावात शंभराचा फरक असला तरी आतून तो वेगळ्या घराण्यातला आहे, कॅशे १६ एमबी, निम्मी. दोन-अडीच हजार वाचत होते खरे, पण ज्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे आलो तेच अर्धं ठेवून घरी जायचं.

भाच्याने ५७००एक्स३डी चं नाव काढलं. त्याच्या कॅशेचं, ९६ एमबीचं, मलाही कौतुक आहे. पण १६६० सुपरच्या जोडीला तो घेणं म्हणजे दुखणं प्रोसेसरकडून उचलून कार्डाकडे नेऊन ठेवायचं आणि वर त्याचे जास्त पैसे द्यायचे. शिवाय आमच्या बोर्डाच्या व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, हीटसिंकचा पत्रासुद्धा नाही. १०५ वॅटची चिप त्यावर सतत दामटायला मी धजावलो नसतो. ५६०० हा ६५ वॅटचा, २२००जी इतकाच. तेवढ्यात भागत होतं.

पेटीबंद ५६०० ला ९,८०० रुपये पडले. ट्रेमधला, म्हणजे पेटीशिवाय सुटा, थोडा स्वस्त मिळत होता, पण त्याला कूलर नाही आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नाही. ८-८ जीबीच्या दोन स्टिक, ३२०० च्या, ४,७०० ला. रॅमचे भाव त्या दिवसांत चढणीला लागले होते, घासाघीस करायला जागा नव्हती. एकूण साडेचौदा हजार. ताईचं म्हणणं असं की तिची ओवाळणी त्या डब्यात गेली.

बायोस, आणि मी विसरलेली गोष्ट

नवा प्रोसेसर हातात असला की तो आधी बसवायचा मोह होतो. तसं केलं तर काळा पडदा. जुना बायोस नव्या चिपला ओळखतच नाही. बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बदलून घ्यायचा. आमच्या बोर्डावर २०१८ चाच बायोस होता आणि डाउनलोडच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आधी मधल्या एका आवृत्तीवर या, मगच शेवटची टाका. पुष्कळ जण ही ओळ ओलांडून जातात. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केला, दोन्ही फाइली टाकल्या. लाइट जाण्याची भीती होती म्हणून पीसी घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला आणि पाच मिनिटं मेन स्विच बंद करून इन्व्हर्टर भार घेतो की नाही तेही पाहिलं. फ्लॅश होताना वीज गेली तर बोर्ड वीट होऊन बसतो.

दोन्ही पायऱ्या सुरळीत झाल्या. मशीन पुन्हा सुरू झालं आणि पडद्यावर ओळ आली की बूट करायला डिव्हाइस नाही. आतून ताईचा आवाज आला, "चालू होता तो बंद केलात ना?"

चूक माझी होती आणि २०१८ मधली होती. तेव्हा विंडोज मी जुन्या लेगसी पद्धतीने, एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर टाकलं होतं. ते चालतं सीएसएम नावाच्या एका जुळवणीच्या सोयीवर. बायोस बदलला की सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात, आणि नव्या बायोसच्या मूळपदात सीएसएम बंद होता. बायोसमध्ये जाऊन तो चालू केला, विंडोज उठलं. पण तसंच सोडून भागणार नव्हतं. विंडोज ११ ला यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत लागते, आणि भाचा खेळतो तो व्हॅलोरंट हा दुसरा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची साधनं चालू असल्याशिवाय आत घेत नाही. मग कॉलेजचं सगळं काम बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून विंडोजमधलंच एमबीआर२जीपीटी हे साधन वापरलं. आधी नुसती तपासणी, मग बदल. डेटा न पुसता डिस्क जीपीटी, म्हणजे नव्या मांडणीची, झाली. सीएसएम कायमचा बंद केला. यात दीड तास गेला, आणि प्रोसेसरची पेटी अजून उघडलेलीही नव्हती.

रॅम त्याच रात्री टाकली, प्रोसेसर मुद्दाम सकाळवर ठेवला. कशाने किती फरक पडतो ते वेगवेगळं बघायचं होतं. दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये (दोन वाटांनी एकदम) बसल्यावर जुन्याच २२००जीवर सरासरी ९६ झाली आणि वन पर्सेंट लो ३१ वरून ४४. माझ्या "पुढच्या महिन्यात टाकू"ची किंमत मला अशी सात वर्षांनी आकड्यांत दिसली.

चिमटीत अडकलेली चिप

एएम४ मध्ये पिना सॉकेटला नाहीत, प्रोसेसरला आहेत. १,३३१ पिना, केसासारख्या. कूलर काढताना पेस्ट चिकटून राहिली तर लीव्हर लावलेला असूनही प्रोसेसर कूलरबरोबर उपटून येतो. म्हणून आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करायची, मग कूलर उचलायच्या आधी डावी-उजवीकडे हळूहळू पिळायचा. हे सगळं मी भाच्याला सकाळी नीट समजावलं. मग ताईने चहाला बोलावलं. चहाबरोबर चकली आली आणि चकलीबरोबर शेजारचे काका आले. आम्ही पाऊण तासाने परत बसलो तेव्हा पेस्ट गार झाली होती. भाच्याने स्क्रू काढले आणि कूलर सरळ वर ओढला. बारीकसा "टक" आवाज झाला. कूलरच्या बुडाला २२००जी लटकत होता.

सॉकेटला काही झालं नव्हतं, नव्या चिपला तर प्रश्नच नव्हता. जुन्याच्या कोपऱ्यातल्या तीन पिना मात्र वाकल्या. यांत्रिक पेन्सिलमधलं शिसं काढून तिचं तोंड पिनेवर चढवायचं आणि उभं करायचं, ही जुनी युक्ती. नंतर जुन्या एटीएम कार्डाची कड रांगांमधून फिरवली. भाच्याचे हात माझ्यापेक्षा स्थिर आहेत, ते त्यानेच केलं.

याच कूलरची आणखी एक खोड सांगून ठेवतो. व्रेथ स्टेल्थचे स्क्रू थेट बोर्डामागच्या पट्टीत जातात. चारही काढले की ती पट्टी मागे गळून पडते. कॅबिनेट आडवं ठेवून मागून हात लावला नाही तर नवा कूलर कशात पिळताय तेच कळत नाही.

५६०० सॉकेटमध्ये सोनेरी त्रिकोण जुळवून ठेवला, आपसूक खाली बसला. दाबायचा नाही, दाबावा लागला तर काहीतरी चुकलंय. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा. दहा सेकंद, वीस, चाळीस. भाच्याचा हात बटणाकडे गेला, तो मी धरला. नव्या प्रोसेसरबरोबर बोर्ड रॅमशी आपली घडी बसवत असतो, त्याला वेळ लागतो. मिनिटभराने अक्षरं उमटली: नवा सीपीयू सापडला आहे, एफटीपीएम (प्रोसेसरमधला टीपीएम) रीसेट करायचा का? डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असलेल्या मशीनवर इथे रिकव्हरी की हाताशी लागते, नाहीतर आपणच आपल्या घराबाहेर. आमच्याकडे बिटलॉकर नव्हता. "वाय" दाबलं, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) लावून रॅम ३२०० वर नेली आणि दुपारपर्यंत विंडोज ११ चढलं. लायसन्स बोर्डाला बांधलेलं असल्याने पुन्हा मागितलं नाही.

आकडे

तीच बेंचमार्क फेरी, त्याच सेटिंग: सरासरी १८७, वन पर्सेंट लो ८६. ग्राफिक्स कार्ड ९७ टक्क्यांवर. मला सरासरीपेक्षा त्या ८६ चं अप्रूप, कारण आताची सगळ्यांत वाईट फ्रेम सुरुवातीच्या, ८३ च्या काळातल्या सरासरी फ्रेमपेक्षा थोडी लवकर येत होती. जीटीए ५ मध्ये शहरातून गाडी हाणताना येणारे हिसके गेले. अँड्रॉइड स्टुडिओतलं कॉलेजच्या प्रोजेक्टचं बिल्ड साडेचार मिनिटांवरून दीडवर आलं. ताईला ऐकून बरं वाटलं ते एवढंच.

दोन गोष्टी राहिल्या. आता अडतं ते कार्डापाशी. नव्या जड गेममध्ये सेटिंग चढवल्या की १६६० सुपर धापा टाकतं, आणि भाच्याचं ३०६० चं पान ब्राउझरमध्ये उघडंच आहे. यावेळी तो चुकत नाहीये, फक्त कमवायला लागल्यावर घ्यावं असं माझं मत. दुसरी गोष्ट तापमानाची. ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे, ऑक्टोबरात गेम चालू असताना तो ७४ ला होता. एप्रिलमधल्या साताऱ्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत काय होईल ते तेव्हा बघू. रात्री पंखा कर्कशायचा म्हणून फॅन कर्व्ह थोडा मऊ केला आहे.

वाकलेल्या पिनांचा २२००जी भाच्याने होस्टेलवरच्या मित्राच्या बी४५० बोर्डात लावून पाहिला. चालला. मित्र विकत मागत होता, मी देऊ दिला नाही. ५६०० च्या पोटात ग्राफिक्स नाही. जुन्या बाजारातलं ते कार्ड उद्या परीक्षेच्या तोंडावर गेलं तर मशीन आंधळं होईल, आणि तेव्हा पडदा दाखवू शकणारी घरातली एकच चिप ही आहे. नव्या बायोसच्या यादीत तिचं नाव अजून आहे, तेही मी पाहून घेतलंय. ताईने ती एका रिकाम्या अत्तराच्या डबीत कापसावर ठेवून कपाटात टाकली आहे, वर चिठ्ठी लावून: "फेकू नये. दादा."